वेल्डिंगआधी लोखंड किती घासायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. फॅब्रिकेशनच्या वर्कशॉपमध्ये गेट, पत्र्याच्या शेडचे ट्रस आणि ट्रॉलीची दुरुस्ती अशी मिसळ कामं चालतात. रॉडचं वेल्डिंग आहे, सीओटू (कार्बन डायऑक्साईड वायूच्या आडोशात तार वितळवून होणारं) आहे, अधूनमधून आर्गॉन वायूतलं. एक कारागीर म्हणतो, ‘रॉड सगळं जाळून टाकतो, घासत काय बसायचं?’ दुसरा प्रत्येक पट्टी चांदीसारखी करून मगच टाका मारतो, आणि त्यात अर्धा दिवस आणि डिस्कचा डबा संपतो. बरोबर कोण?

दोघंही अर्धे बरोबर. तेल, पाणी, रंग आणि जस्त हे कुठल्याच सांध्यात राहू द्यायचं नाही, रॉड कुठलाही असो. सुटणारा, पापुद्रे निघणारा गंजही नाही. वाद फक्त नव्या मालावरच्या त्या निळसर-काळ्या सालीबद्दल, म्हणजे मिल स्केलबद्दल असू शकतो. ती ठेवायची की काढायची हे तीन गोष्टींवर ठरतं: वेल्डिंग कोणतं, सांधा कसला आणि त्या सांध्यावर भार कसा येणार.

आधी ही घाण करते काय ते बघू, म्हणजे कुठे कंजूषी चालते ते आपोआप कळेल.

मिल स्केल म्हणजे लोखंडाचा ऑक्साईड. माल गरम रोलिंगमधून निघताना हवेतला ऑक्सिजन घेऊन ही साल तयार होते. ती वितळलेल्या धातूत गेली की तिच्यातला ऑक्सिजन पोलादातल्या कार्बनला पकडतो आणि कार्बन मोनॉक्साईड तयार होतो. हा वायू बाहेर पडायच्या आत धातू थिजला की आत भोकं. हे होऊ नये म्हणून रॉडमध्ये आणि तारेत मॅंगनीज आणि सिलिकॉन घातलेलं असतं. ते ऑक्सिजनला आधी पकडतात आणि मळी (स्लॅग) होऊन वर तरंगतात. पण त्यांचा साठा ठरलेला असतो. साल जाड असली, वर गंज असला, की साठा संपतो आणि उरलेला ऑक्सिजन कार्बनकडे वळतो.

गंजाची गोष्ट आणखी वाईट, कारण त्यात ऑक्सिजनबरोबर पाणीही बांधलेलं असतं. हात लावला तर कोरडा लागतो, पण आर्कखाली त्यातलं पाणी सुटतं. एक मिलिलिटर पाण्याची वाफ साधारण १.७ लिटर होते, तीही १०० अंशांना. आर्कच्या उष्णतेत ती आणखी फुगते. शिवाय पाणी फुटून हायड्रोजन निघतो आणि तो धातूत मुरतो. पातळ एम.एस. (साध्या मऊ पोलादाच्या) पाइपात याने फारसं बिघडत नाही. जाड प्लेट, जास्त कार्बनचा शाफ्ट किंवा कठीण पोलाद असेल, तर वेल्ड दिसायला उत्तम, आणि दुसऱ्या दिवशी कडेने तडा. हायड्रोजनचा तडा ४८ तासांनीसुद्धा येतो, म्हणूनच अशा कामाची तपासणी लगेच करून उपयोग नसतो. तेल, ग्रीस, रंग यांतूनही हायड्रोजनच येतो, वर कार्बनची काजळी.

आता वेल्डिंगचा प्रकार.

साधा ई ६०१३ रॉड, म्हणजे दुकानात नुसता दहा नंबर किंवा बारा नंबर (हे नंबर जाडीचे) म्हणून मागतात तो, घट्ट चिकटलेली पातळ साल आणि हलका तांबूस गंज चालवून घेतो. त्याच्या फ्लक्समधून, म्हणजे रॉडवरच्या लेपातून, मळी भरपूर बनते आणि ती घाण ओढून घेते. गेट, ग्रिल, स्टॅंड अशा कामांना तारेच्या ब्रशने जोरात घासून जे निघत नाही ते राहू द्या. अमेरिकेचं स्ट्रक्चरल वेल्डिंगचं मानक एडब्ल्यूएस डी१.१ सुद्धा जोरदार ब्रशिंगला टिकणारी मिल स्केल बहुतेक ठिकाणी चालवून घेतं. पण वारंवार भार येणाऱ्या गर्डरमध्ये वेब (मधली उभी प्लेट) आणि फ्लॅंज (वर-खालची आडवी प्लेट) जिथे जोडतात तिथली साल मात्र पूर्ण काढायला सांगतं. ‘साल चालते’ म्हणणारा आणि ‘साल काढा’ म्हणणारा, दोघंही एकाच पुस्तकातून बोलू शकतात ते असं.

ई ७०१८ बद्दल मोठा गैरसमज आहे. रॉड ताकदीचा, म्हणून घाणीवर चालेल असं लोक धरून चालतात. उलट आहे. हा कमी हायड्रोजनचा रॉड. तो ओव्हनमध्ये भाजायचा, गरम ठेवायचा, आणि मग गंजलेल्या, तेलकट प्लेटवर लावायचा, तर भाजणावळ फुकट गेली. रॉडमधून हायड्रोजन येऊ दिला नाही, पण प्लेटमधून दिला. ७०१८ वापरायचा म्हणजे सांधा स्वच्छच हवा.

सीओटूमध्ये फ्लक्सच नाही, त्यामुळे सगळी भिस्त तारेतल्या मॅंगनीज-सिलिकॉनवर. बाजारात सहज मिळणारी ईआर ७०एस-६ तार यासाठीच बरी. तिच्यात मॅंगनीज १.४० ते १.८५ टक्के आणि सिलिकॉन ०.८० ते १.१५ टक्के असतं, ७०एस-३ पेक्षा बरंच जास्त. हलकी साल ती पचवते. पण ०.८ मिमी तारेने, कमी करंटवर, जाड सालीच्या प्लेटवर बीड (वेल्डची रेघ) ओढलात तर आर्क सालीवर नाचतो, कडा नीट वितळत नाहीत, आणि बीड मेणबत्तीच्या ओघळासारखा वर बसून राहतो. दिसायला गोल, गुळगुळीत. छिन्नी लावली की उचकटतो. ५ मिमीच्या वरच्या भार घेणाऱ्या कामात सीओटूसाठी साल काढायचीच, असं मी सांगेन.

आर्गॉनमध्ये, म्हणजे टिगमध्ये, चर्चाच नको. उजळ धातू दिसला पाहिजे, सांध्याच्या दोन्ही बाजूंना, खालच्या अंगालाही, आणि फिलर तारसुद्धा ॲसिटोनच्या फडक्यातून ओढून घ्यायची. नवी तार हातात धरली तर बोटांवर तांबूस-तेलकट पट्टा उमटतो, तो वेल्डमध्ये जाणार असतो.

यापुढचा भाग फार कमी लोक लक्षात घेतात: वायू निघणार कुठून? उघड्या प्लेटवर बीड मारला तर वायूला वर मोकळं आकाश आहे. पण टी-सांध्यात उभी पट्टी आडव्या प्लेटवर टेकते, आणि त्या दोघांच्या मध्ये साल, गंज, प्रायमर अडकलेला असतो. एका बाजूने फिलेट (कोपऱ्यातला तिरपा वेल्ड) मारला की वायू दुसऱ्या उघड्या बाजूने निघून जातो. मग दुसरी बाजू मारता. आता पहिला बीड म्हणजे बूच झालं. मधल्या सगळ्या वायूला एकच वाट, तुमच्या वितळलेल्या धातूतून. म्हणून पहिली बाजू स्वच्छ आणि दुसऱ्या बाजूला रांगेने भोकं, हा प्रकार होतो. कारागीर गॅस वाढवतो, नोझल बदलतो, पंखा बंद करतो, आणि भोकं तशीच. अशा वेळी दोष नोझलमध्ये नसून पट्टीच्या बुडात असतो. लॅप सांध्याचंही तेच: एकावर एक ठेवलेल्या दोन रंगवलेल्या पट्ट्या चारी बाजूंनी बंद केल्या की शेवटचा कोपरा फुत्कारणारच.

म्हणून वेळ कमी असेल तर वरचा दिसणारा भाग चमकवण्यापेक्षा एकमेकांना टेकणारे पृष्ठभाग आधी घासा.

एक सांधा हातात घेऊ. १० मिमी प्लेटवर ५० x ६ ची पट्टी उभी, दोन्ही बाजूंनी ५ मिमीचा फिलेट, सीओटूने. पहिलं काम ग्राइंडर नव्हे, फडकं. स्वच्छ पांढऱ्या सुती कापडावर ॲसिटोन घेऊन प्लेटचा साधारण १०० मिमीचा पट्टा आणि पट्टी पुसा, एकाच दिशेने, कापडाची बाजू बदलत. कापड काळं-पिवळं यायचं थांबेपर्यंत पुसायचं. हे आधी का? तेलावर डिस्क फिरवली की तेल जात नाही, घासलेल्या खरवडीत दाबलं जातं आणि डिस्कही तेल पिते. मग ती डिस्क पुढच्या स्वच्छ प्लेटला तेल लावत सुटते. तेल गेलंय का हे बघायचं तर पाण्याचे दोन थेंब टाका. पाणी पसरलं तर स्वच्छ, मोत्यासारखं गोळा झालं तर अजून तेल आहे. पाणी मग पूर्ण वाळवा, हे सांगायला नको.

त्यानंतर ग्राइंडर. प्लेटवर पट्टी बसणार त्या रेघेच्या दोन्ही बाजूंना २५ मिमी, आणि पट्टी बसेल ती जागाही. पट्टीचं बूड, म्हणजे कापलेली कड, पूर्ण. पट्टीच्या दोन्ही अंगांना खालून २५ मिमी. साल निघाली की खालचा रंग करडा-रुपेरी दिसतो. खोलगट जागी काळे ठिपके राहिले तर एखाद-दुसऱ्या ठिपक्यासाठी प्लेट खोल खणू नका. काम दहा मिनिटांचंही नाही.

कुठली चकती? मिल स्केल कठीण असते. तारेचा कप-ब्रश तिच्यावर फिरवला तर साल निघत नाही, चकाकते. लोकांना वाटतं उजळ झालं. प्रत्यक्षात काळा आरसा तयार झालेला असतो. कप-ब्रश सुटा गंज आणि मळी यांच्यासाठी. सालीसाठी ४० ग्रिटची फ्लॅप डिस्क किंवा ग्राइंडिंग व्हील, प्लेटशी १० ते १५ अंशांत, दाबून न धरता. एकदा साल कुठेतरी फुटली की त्या कडेकडून पुढे जा. मधून घासत राहिलात तर डिस्क घसरतच राहते. १.६ किंवा २ मिमीच्या चौकोनी पाइपाला व्हील लावू नका, भिंतच खाऊन टाकेल. तिथे ६० किंवा ८० ची फ्लॅप डिस्क हलक्या हाताने. आणि चकतीवर लिहिलेले आरपीएम ग्राइंडरच्या आरपीएमपेक्षा कमी असतील तर ती चकती लावायची नाही. १०० मिमीचं मशीन ११,००० च्या पुढे फिरतं. फुटलेला तुकडा गॉगल बघत नाही.

छोटे सुटे भाग पुष्कळ असतील तर रात्रभर व्हिनेगारमध्ये बुडवून ठेवायचा मार्ग बरा. सकाळी साल मऊ होऊन ब्रशने निघते. मग खाण्याचा सोडा घातलेल्या पाण्यात बुडवून, धुवून, लगेच सुकवून वापरायचे, नाहीतर तासाभरात पिवळसर गंज धरतो. हायड्रोक्लोरिक ॲसिड जलद चालतं, पण बंद शेडमध्ये त्याची बाटली उघडी राहिली तर आजूबाजूची सगळी हत्यारं आणि कपाटातली तारही गंजते. माझं मत विचाराल तर शेडमध्ये ते आणूच नये.

कापलेल्या कडांकडे दुर्लक्ष होतं कारण त्या नव्या दिसतात. गॅस कटरने कापलेल्या कडेवर ऑक्साईडचा थर आणि खाली मळीचे मणी असतात. ते घासून उजळ करायचे. हवेवर चालणाऱ्या प्लाझ्माने कापलं असेल तर कडेत नायट्रोजन शिरलेला असतो. कड गुळगुळीत, चकचकीत दिसते, आणि तिच्यावर सीओटू मारला की बारीक भोकांची रांग. ०.५ मिमीच्या आसपास कड घासून टाकली की हा त्रास जातो. शिअरवर किंवा बॅंडसॉवर कापलेल्या कडेला तो नसतो, पण तिथे कूलंट असतं.

जी.आय., म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या, पाइपाचं वेगळं. जस्त ४२० अंशांना वितळतं आणि ९०७ ला उकळतं. पोलाद वितळायला १,५०० च्या आसपास लागतात. म्हणजे पोलाद वितळायच्या आधीच जस्त वाफ होऊन आर्कमधून उडतं: ठिणग्या, भोकं, पांढरा धूर. वितळलेलं जस्त पोलादाच्या कणांच्या सीमांत शिरून तडेही पाडतं. सांध्यापासून दोन्ही बाजूंना किमान २५ मिमी, जमलं तर ५० मिमी जस्त काढा. कुठे थांबायचं ते ठिणग्या सांगतात: जस्तावर डिस्क फिरताना ठिणगी जवळजवळ पडतच नाही, पोलाद लागलं की पिवळ्या ठिणग्यांचा फवारा सुरू होतो. पाइपाच्या आतलं जस्त तोंडापासून जितकं गोल कानशीने पोहोचेल तितकं काढा. उरलेल्याचा धूर येणारच, म्हणून वारा ज्या बाजूने येतो त्या बाजूला उभं राहा, एक्झॉस्ट लावा, एन९५ च्या दर्जाचा मास्क घाला. हा धूर घेतला की काही तासांनी, बहुधा रात्री, थंडी वाजून ताप येतो, अंग मोडतं, तोंडाला धातूची चव येते. दीड-दोन दिवसांत उतरतो. दूध किंवा गूळ घेतल्याने तो टळत नाही, कितीही जणांनी सांगितलं तरी. छाती भरून आली किंवा ताप लांबला तर डॉक्टरकडे जायचं. काम झाल्यावर उघड्या जागेला जस्ताचा भरपूर अंश असलेला रंग दोन हात द्या, नाहीतर पाइप तिथूनच गंजेल.

तेल काढण्याच्या रसायनांबद्दल थोडं थांबून. ब्रेक क्लीनरचे काही स्प्रे आणि काही डीग्रीझर क्लोरीनवाले असतात. डब्यावर टेट्राक्लोरोइथिलीन, परक्लोरोइथिलीन, ट्रायक्लोरोइथिलीन किंवा मिथिलीन क्लोराईड यांपैकी काही लिहिलं असेल तर तो डबा वेल्डिंगच्या शेडमध्ये नको. त्याची वाफ आणि आर्कचे अतिनील किरण एकत्र आले की फॉसजीन तयार होतो. पहिल्या महायुद्धात वापरलेला हाच विषारी वायू. थोडासा श्वासात गेला तरी त्रास कधीकधी काही तासांनी सुरू होतो, तोवर फुप्फुसात पाणी भरू लागलेलं असतं. ‘वाळू दिला’ हे पुरेसं नाही; सांध्याच्या फटीत ओल राहते. ॲसिटोन वापरा, पण तो शून्याखालच्या तापमानालाही पेट घेतो, तेव्हा बाटलीला झाकण, ओली फडकी झाकणाच्या लोखंडी डब्यात, आणि आर्क लावायच्या आधी जागा पूर्ण कोरडी. रॉकेल आणि डिझेलने पुसणं म्हणजे एक तेल काढून दुसरं लावणं.

उसाच्या ट्रॉलीची दुरुस्ती आली की वरचा सगळा क्रम उलगडून करावा लागतो. चिखल, ग्रीस, जुन्या रंगाचे चार थर आणि उसाच्या रसाचा वाळलेला चिकटा. आधी पाण्याने धुणं, मग वाळवणं, मग खरवडणं, मग पुसणं, मग डिस्क. रंग गॅसच्या ज्वाळेने जाळू नका. जुन्या रंगात शिसं असू शकतं आणि धूर तुमच्याच नाकात जातो. चॅसीला तडा असेल तर तड्याच्या दोन्ही टोकांच्या थोडं पुढे ५-६ मिमीचं भोक पाडा आणि तडा पूर्ण खोलीपर्यंत व्ही करून उघडा. तड्याच्या आत ग्रीस मुरलेलं असतं. हलकं गरम केलं की ते घामासारखं वर येतं; पुसा, परत गरम करा, परत पुसा, येणं थांबेपर्यंत. हे टाळून वरून बीड मारलात तर पहिल्या भरलेल्या खेपेलाच तो तडा बीडच्या शेजारून चालू लागतो. बंद पोकळ पाइपावर वेल्ड करण्याआधी ३-४ मिमीचं भोक पाडा, आत पाणी असेल तर वाफेच्या दाबाने धातू तोंडावर उडतो. डिझेलची टाकी किंवा तेलाचं बॅरल मात्र नुसतं साफ करून वेल्डिंगला घ्यायची गोष्ट नाही.

पावसाळ्यात, त्यातून कोकणपट्टीत, घासलेली प्लेट संध्याकाळपर्यंत तांबूस होते. समुद्राजवळच्या गंजात मीठ असतं, ते ब्रशने जात नाही, गोड्या पाण्याने धुवून वाळवावं लागतं. घासायचं तेवढं त्याच दिवशी जोडायचं. सकाळी थंड प्लेटवर दव असतं. गॅसच्या ज्वाळेने शेकायला लागलात की प्लेटवर पाण्याचा ओला पट्टा उमटून पुढे सरकताना दिसेल. तो प्लेटमधून निघालेला नसतो, ज्वाळेतलीच वाफ थंड लोखंडावर जमते. हाताला सोसणार नाही इतकी प्लेट तापली की तो पट्टा उमटत नाही. तोवर थांबायचं नाही.

साफसफाई पहिल्या बीडबरोबर संपत नाही. दुसरा थर मारण्याआधी मळी पूर्ण काढा, विशेषतः बीडच्या दोन्ही कडांच्या खोबणीतली. तिथेच ती पुढच्या थराखाली गाडली जाते. सीओटूच्या बीडवर तपकिरी काचेसारखे ठिपके दिसतात ते सिलिकॉनचे. आधी साल जितकी जास्त ठेवाल तितके ते जास्त. त्यांच्यावर रंग किंवा पावडर कोटिंग केलं तर काही महिन्यांत ठिपक्यासकट पापुद्रा निघतो, आणि गिऱ्हाईक रंगाऱ्याला धरतं.

स्टेनलेसला वेगळा ब्रश, वेगळी डिस्क, वेगळं फडकं. एम.एस.वर फिरलेला ब्रश स्टेनलेसवर लावला की लोखंडाचे कण त्यात रुततात आणि पंधरवड्यात स्टेनलेस ‘गंजतं’. ब्रशच्या मुठीला रंग लावून ठेवा, म्हणजे भांडण मिटतं.

अर्थ क्लॅम्पची जागाही घासा. सांधा लख्ख आणि क्लॅम्प रंगावर चिकटवलेला, मग आर्क तुटतो आणि मशीनला शिव्या बसतात.

किती घासणं पुरेसं, हे तुमच्या मालावर, तुमच्या मशीनवर एकदा तपासून घ्या. त्याच पट्टीचे दोन १०० मिमीचे टी-सांधे करा, एक सालीसकट, एक घासलेला. सेटिंग तेच. फक्त एका बाजूने फिलेट मारा, थंड होऊ द्या. मग शिकंज्यात धरून उभी पट्टी वेल्डच्या बाजूला हातोड्याने पाडा, म्हणजे मूळ उघडेल. तुटलेल्या फटीत बघा: मुळापासून वर गेलेल्या अळीसारख्या नळ्या म्हणजे अडकलेला वायू, चपटी गुळगुळीत काळी पट्टी म्हणजे न वितळलेली साल, आणि सगळीकडे एकसारखं करडं दाणेदार पोत म्हणजे धातू धातूला जुळलाय. दोन्ही तुकडे सारखेच दाणेदार निघाले तर त्या मालाला, एका बाजूच्या फिलेटच्या कामासाठी ब्रश पुरेसा आहे. सालीच्या तुकड्यात नळ्या दिसल्या तर तो तुकडा टेबलावरच ठेवून द्या, ‘रॉड सगळं जाळतो’ म्हणणाऱ्याला दाखवायला.